नळीतले कीट आणि फळ्यावरचे समीकरण

कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. तोंडाकडून दारू व छरे घालून गजाने ठासायचे, अशी ही बंदूक. काही बार काढले की नळीत काळे कीट धरते आणि गज अडू लागतो. मग रॉकेलचा बोळा फिरवला जातो. बोळा काळा होतो, माणसाला समाधान वाटते. कीट मात्र बरेचसे जागच्या जागी!

माझ्या मते यात दोष आम्हा शिक्षकांचा आहे. बंदुकीची दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक. ती जळून पोटॅशियम सल्फाइड, नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात, असे सुटसुटीत समीकरण आम्ही फळ्यावर लिहितो. त्यावरून हिशेब केल्यास वजनाने ४१ टक्के घन पदार्थ उरायला हवा. परंतु नोबल व एबल या ब्रिटिश संशोधकांनी बंद पोलादी पात्रात दारू पेटवून पाहिली. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत घनभाग सुमारे ५७ टक्के भरला, आणि त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट व सल्फेट भरपूर होते. समीकरणात या दोघांचा पत्ताच नाही!

यातला काही भाग धुरावाटे जातो, उरलेला नळीत बसतो. म्हणजे कीट हे मुख्यतः क्षारांचे आहे, आणि क्षार रॉकेलात विरघळत नाहीत. त्यांना पाणीच हवे. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात कार्बोनेट ११० ग्रॅमच्या आसपास विरघळते, सल्फेट मात्र जेमतेम ११ ग्रॅम. उकळत्या पाण्यात सल्फेटचा आकडा २४ वर जातो. गरम पाण्याचा उपयोग होतो तो असा.

लोखंडाला पाणी लावायचे, ही भीती खरी आहे. पण कार्बोनेट हवेतला ओलावा आपणहून ओढून घेते, आणि त्या ओलाव्यात गंधकाची संयुगे लोखंड खातात. पावसाळ्यात तर एक रात्रही पुरते. तेव्हा ज्या दिवशी बार, त्याच दिवशी धुणे. (१८५७ च्या त्या काडतुसांवरील चरबीचे एक काम कीट मऊ ठेवणे हेच होते.)

जुने कीट हट्टी असते. थरांवर थर बसतात, न जळलेला कोळसा पाण्याला दाद देत नाही, वर तेलाचा लेप पाणी आत शिरू देत नाही. अशा वेळी आधी साबणाच्या कोमट पाण्याने नळी भिजत ठेवावी, मग पितळी ब्रश, मग स्वच्छ गरम पाणी, चिंधी पांढरी निघेपर्यंत. सडक्या अंड्याचा वास आला तर तो सल्फाइडचा. म्हणून काम उघड्यावर करावे. शेवटी नळी लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. बंदूक रिकामी असल्याची खात्री परवानाधारकाने प्रथम करावी. हे काम मुलांचे नव्हे.

वर्गात बंदूक कशाला हवी? दोन परीक्षानळ्या घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दोन्हींत चिमूटभर पोटॅशियम कार्बोनेट टाकून हलवा. समीकरण त्यानंतर लिहा, आणि ते अपुरे आहे हेही सांगा.