सहा आकडे आणि घरातील ज्येष्ठ

वृद्ध आईवडिलांसाठी मुलाने हौसेने नवा फोन आणावा, दुकानातच त्यांचा अंगठा नोंदवून घ्यावा, सहा आकड्यांचा पासकोड घाईघाईत ठरवून टाकावा, आणि पुढे एखाद्या आजारपणानंतर ते आकडे त्यांच्या स्मरणातून निसटले की त्याच मुलाने त्यांना फैलावर घ्यावे, हा प्रकार मला अत्यंत अन्यायाचा वाटतो.

आमच्या शेजारच्या मावशी, पेशाने निवृत्त शिक्षिका, शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस इस्पितळात होत्या. त्या अवधीत निपचित पडलेला फोन घरी आल्यावर चार्ज करून सुरू केला, तेव्हा त्याने अंगठा नाकारून आकडे मागितले. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की प्रथम पासकोडच द्यावा लागतो, मग अंगठा कितीही ओळखीचा असो, असा त्या यंत्राचा नियमच आहे. क्षीण प्रकृतीत मावशींना आकडे आठवेनात, आणि चुकीच्या प्रयत्नांबरोबर पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी थांबण्याची मुदतही वाढत गेली.

या कठोरपणाला मी दोष देणार नाही. सहा आकड्यांच्या दहा लक्ष मांडण्या होतात, आणि ही सक्तीची प्रतीक्षा नसती तर चोराचे यंत्र त्या सगळ्या पाहता पाहता पडताळून मोकळे झाले असते. शिवाय आजच्या बहुतेक फोनांत आतील मजकूर ज्या किल्लीने सांकेतिक रूपात बंदिस्त होतो, ती किल्ली पासकोड आणि फोनमधील चिपचे गुप्त मूल्य यांच्या संयोगातूनच सिद्ध होत असल्यामुळे, तिची दुसरी प्रत कंपनीच्या दप्तरीही नसते. 2016 साली सॅन बर्नार्डिनोच्या हत्याकांडातील आयफोनासाठी एफबीआयने न्यायालयाचा हुकूम आणला, तरी हे संरक्षण शिथिल करणारे सॉफ्टवेअर घडवून देण्यास अ‍ॅपलने नकार दिला होता. जे तपासयंत्रणेला सहजी मिळाले नाही, ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मावशींना कोठून द्यावे? त्याच्यापाशी एकच इलाज होता: फोन पूर्ण पुसून कोरा करणे. त्यानंतरही अँड्रॉइड फोन पूर्वीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतोच. चोरीचा माल वापरात येऊ नये म्हणून केलेली ती तजवीज आहे.

पुष्कळसे परत मिळाले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. सिमकार्ड भाच्याच्या जुन्या फोनात घातले, नोंदलेल्या क्रमांकावर ओटीपी आला, गूगल खाते उघडले. बॅकअप चालू असल्यामुळे छायाचित्रे आणि व्हॉट्सअ‍ॅपचा पत्रव्यवहारही हाती लागला. बँकेतील पैशांना धक्का लागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते फोनात नसून बँकेत असतात. परंतु दिवंगत यजमानांच्या आवाजातील, त्यांनी सायंकाळी म्हटलेल्या स्तोत्रांची ध्वनिमुद्रणे तेवढी केवळ त्या फोनातच होती. ती गेली. फोन कोरा करण्याची संमती देण्यापूर्वी मावशींनी दोन दिवस मागून घेतले, आणि त्या दोन दिवसांत घरातील कोणी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले नाही, याबद्दल मला त्या कुटुंबाविषयी आदर वाटतो.

तथापि कसूर कोणाची, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते ती विसरणाऱ्याची नव्हे. ज्याने फोन हाती दिला, त्यानेच कोणती वस्तू कोठे साठते याची खातरजमा करावयाची होती, बॅकअपच्या कक्षेबाहेर राहिलेले आवाज दुसरीकडे उतरवून ठेवावयाचे होते, आणि आकडे मावशींच्याच हस्ताक्षरात लिहवून घेऊन घराच्या दस्तऐवजांबरोबर कपाटात ठेवावयाचे होते. कागदावर आकडे लिहिणे धोक्याचे, असा आक्षेप जाणकार घेतील. पण फोन हिसकावणारा भामटा रस्त्यावर असतो आणि कपाट घरात, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत चोरीपेक्षा विस्मरणाचे भय कितीतरी अधिक खरे आहे, आणि बंदोबस्त करावयाचा तो त्याचाच केला पाहिजे.