पाण्यात नेमके काय उतरते?

शीत प्लाझ्माच्या झोताखाली पाण्याचे भांडे धरले की त्या पाण्यात जंतू मारण्याचा गुण येतो, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. माहिती खोटी नाही. पण ती अशा थाटात सांगितली जाते की, प्लाझ्माच पाण्यात जाऊन बसला आहे असे वाचणाऱ्याला वाटावे. माझे म्हणणे एवढेच की, या साऱ्या प्रकारात शिकण्यासारखा निम्म्याहून अधिक भाग पाण्याच्या पृष्ठभागावर घडतो, आणि नेमका तोच आपण गाळतो.

आधी झोताविषयी थोडे. काचेच्या बारीक नळीतून हेलियम किंवा आरगॉन वायू सोडतात आणि नळीजवळच्या इलेक्ट्रोडांना काही हजार व्होल्टचा, वेगाने बदलणारा विद्युतदाब देतात. नळीच्या तोंडाशी दोन-चार सेंटिमीटर लांबीची जांभळट ज्योत दिसू लागते. तिला बोट लावले तरी भाजत नाही! सूर्य आणि आकाशातली वीज एवढीच प्लाझ्माची उदाहरणे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे पटणे अवघड जाते. खुलासा असा की, येथे तापलेले असतात ते फक्त इलेक्ट्रॉन. त्यांची ऊर्जा तपमानात सांगायची तर दहा-वीस हजार अंश भरते. पण इलेक्ट्रॉन इतका हलका की, अणूवर आदळून तो त्याला फारशी गती देऊ शकत नाही. वायू थंडच राहतो. रेणू फोडायला मात्र ती ऊर्जा पुरते. २००५ च्या सुमारास अतिवेगवान कॅमेऱ्यांनी आणखी एक गंमत दाखवली. ही ज्योत सलग नसतेच. प्रकाशाचे एकामागून एक गोळे सेकंदाला दहा ते शंभर किलोमीटर वेगाने धावत असतात.

झोताच्या कडेला भोवतालची हवा आणि पाण्याची वाफ मिसळते. त्यातून ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. आता ही मंडळी पाण्यात कशी शिरणार?

सर्वांना सारखा प्रवेश नसतो. १८०३ साली विल्यम हेन्रीने मांडलेला नियम येथे कामाला येतो. वायू आणि पाणी यांचा समतोल साधला की प्रत्येक पदार्थाचे दोन्हीकडचे प्रमाण ठरावीक असते. ओझोनचे पाण्यातले प्रमाण हवेतल्या प्रमाणाच्या सुमारे पाव भरते. नायट्रिक ऑक्साइडचे जेमतेम विसावा हिस्सा. उलट हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात वीस लाख पटींच्या घरात जाते, म्हणजे पाणी त्याला अक्षरशः गिळते. हे पेरॉक्साइड येते कोठून? दोन हायड्रॉक्सिल मूलक एकमेकांना भेटले की ते बनते. एकटे हायड्रॉक्सिल विलक्षण क्रियाशील असते. पण म्हणूनच ते पाण्यात फार तर काही मायक्रोमीटर आत जाते. आपल्या केसाची जाडी याहून कितीतरी जास्त आहे.

नायट्रोजनची ऑक्साइडे ओल्या हवेत किंवा पाण्यात आम्ले बनतात. साध्या पाण्याचा सामू त्यामुळे तीनच्या आसपास येऊ शकतो. यात नवल वाटायला नको. कॅव्हेंडिशने १७८५ साली हवेत विजेच्या ठिणग्या पाडून, तयार झालेला वायू अल्कलीच्या द्रावणात शोषून घेतला आणि चक्क सोरा मिळवला होता.

पृष्ठभागाखाली गेलेल्या पदार्थांपुढे अंतराचा प्रश्न असतोच. पाणी अगदी स्थिर असेल, तर पेरॉक्साइडला केवळ विसरणाने एक सेंटिमीटर जायला दहा-बारा तास लागतील. प्रत्यक्षात काही मिनिटांत ते भांडेभर पसरते, कारण वायूचा झोत पाण्यावर खळगा पाडून ते ढवळतो. म्हणून नळी किती उंच धरली, वायू किती सोडला, ज्योत पाण्याला टेकली की वरच थांबली, यावरून पाण्यातला मालमसाला बदलतो.

झोत बंद केल्यावर पाण्यात टिकून राहतात ती मुख्यतः पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट. आम्लात पहिली दोन एकत्र आली की पेरॉक्सिनायट्रस आम्ल होते आणि ते सेकंदाभरात फुटून पुन्हा क्रियाशील मूलके देते. जंतूंवरचा मारा बराचसा येथून होतो. मग हीच रसायने बाटल्यांतून मोजून, सामू तितकाच ठेवून मिसळली तर? अशी तुलना झालेल्या कित्येक प्रयोगांत परिणामाचा मोठा भाग या साध्या मिश्रणानेही मिळाला आहे. म्हणून बियाणे उगवण्यासाठी किंवा जखमा धुण्यासाठी प्लाझ्माच्या पाण्याची महती सांगणाऱ्याला, ही तुलना केली का, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. केली नसेल तर श्रेय प्लाझ्माला द्यायची घाई नको. झोत थेट जखमेवर धरण्याची गोष्ट मात्र वेगळी. तेथे क्षणजीवी मूलकांना आणि विद्युतक्षेत्रालाही वाव असतो.

शिक्षकांनी शाळेत असा झोत बनवण्याच्या फंदात पडू नये. हजारो व्होल्ट आणि ओझोन हा मुलांच्या हाताचा खेळ नव्हे. अमोनियाचे कारंजे मात्र बहुतेक प्रयोगशाळांत दाखवता येते. त्या दिवशी फळ्यावर चार नावे लिहावीत: ऑक्सिजन, ओझोन, अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड. यांतले कोण पाण्यात किती शिरेल, त्याचा क्रम मुलांनी आधी स्वतः लावावा, आणि मग चंबू उलटा करावा.