इस्ट्रोजनला चोर ठरवणाऱ्यांनो...

मंडळी, सध्या एक नवंच खूळ निघालंय. बाईचं वजन वाढलं की दोषी कोण? तिच्याच अंगातलं इस्ट्रोजन! आणि उपाय काय, तर इस्ट्रोजन अडवणारी गोळी घ्या, चरबी आपोआप वितळेल. मोठ्या शहरांतलं हे फॅड मोबाइलच्या वाटेने आमच्या आर्णीपर्यंत पोचलंय. नात्यातल्या एका तिशीच्या पोरीला तिच्या जिमवाल्याने चक्क लेट्रोझोल सुचवलं. वर ती मलाच म्हणते, "मावशी, तुमच्या काळी हार्मोन कुठे माहीत होते?" अगं, हार्मोन आमच्या काळीही होते, फक्त त्यांचं दुकान नव्हतं!

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली निवृत्त मास्तरीण आहे. पण उत्तर चुकलं की गणिताची पायरी कुठे चुकली ते शोधायची सवय अजून गेलेली नाही.

पायरी इथे चुकते. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं, ते इस्ट्रोजन तयार करतं. म्हणजे चरबी जास्त तर इस्ट्रोजनही थोडं जास्त. हे खरंच आहे. पण यांनी ते उलटं केलं, की इस्ट्रोजनमुळेच चरबी! अहो, धूर कोंडला म्हणून चूल विझते का?

पुरावा हवा तर आम्हा म्हाताऱ्यांकडे बघा. पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाते आणि इस्ट्रोजन झपाट्याने उतरतं. यांचं शास्त्र खरं असतं तर त्यानंतर आम्ही सगळ्या काडीसारख्या व्हायला हव्या होत्या! घडतं उलटंच. मांड्या-कमरेवर बसणारी चरबी पोटावर येऊन बसते, आणि मधुमेह नि हृदयरोगाला पोटावरचीच जास्त वाईट. प्रयोगशाळेतही तेच दिसलं. अंडाशय काढलेल्या उंदरिणी लठ्ठ होतात. अरोमाटेजच नसलेले उंदीरसुद्धा लठ्ठ होतात.

आता त्या गोळ्यांकडे येऊ. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, टॅमॉक्सिफेन ही मुळात स्तनाच्या कर्करोगावरची औषधं. तिथे त्यांनी असंख्य बायकांचे प्राण वाचवलेत, त्यांना माझा नमस्कार. (कुणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेत असेल, तर हे वाचून एकही गोळी चुकवू नका!) पण वजन उतरवण्यासाठी त्यांना आपल्याकडे मान्यता नाही. कर्करोगात जिवाच्या बदल्यात काही त्रास सोसायचा असतो. इथे कशाच्या बदल्यात? दोन इंच कमरेच्या?

आणि त्रास लहान नाहीत. लेट्रोझोल-अ‍ॅनास्ट्रोझोलने सांधे दुखतात, हाडं विरळ होतात, मोडण्याची भीती वाढते. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वयाच्या बायका मी पाहिल्यात. हाड काय चीज आहे ते त्यांना विचारा. टॅमॉक्सिफेनने रक्तात गुठळी होऊ शकते, आणि पाळी गेलेल्या बाईत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पाळी चालू असलेल्या बाईत तर आणखी गंमत. लेट्रोझोलने इस्ट्रोजन उतरलं की मेंदूला वाटतं अंडाशय झोपलंय, आणि तो त्याला जोराने हाका मारायला लागतो. म्हणूनच वंध्यत्वावर हे औषध बीज तयार होण्यासाठी देतात. म्हणजे पोरगी बारीक व्हायला गोळी घेणार आणि अंडाशयाला मिळणार चाबूक! त्यात दिवस राहिले तर बाळाला धोका. या वंध्यत्वाच्या वापरावर आपल्या सरकारने २०११ साली बंदी घातली आणि २०१७ मध्ये ती उठवली. जिथे सरकारला सहा वर्षं विचार करावा लागला, तिथे जिमवाला सहा मिनिटांत निर्णय देतो!

आणि हो, हे औषध चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा सत्तरी ओलांडून गेला, माझ्याच वयाचा! पण त्याला विचारतो कोण?

वजनावर खरोखर तपासलेली औषधं आज नाहीत असं नाही. २०२५ साली मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. ती भुकेवर काम करतात, इस्ट्रोजन अडवत नाहीत. तीही महाग, आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची. थायरॉइड, पीसीओडी असेल तर आधी तपासणी करा. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज काही सातासमुद्रापार नाही.

मला राग गोळीचा नाही, त्यामागच्या विचाराचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि २३ जणींचं वजन जास्त. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि दिवसभराचा गोड चहा यावर जगणाऱ्या बाईच्या ताटात डाळ-भाजी वाढायची सोडून, तिच्या बाईपणालाच रोग म्हणायचं? हा कुठला न्याय?

असो. पटलं तर घरातल्या लेकी-सुनांना वाचून दाखवा. नाही पटलं तर माझ्याशी भांडा, पण गोळी घेण्याआधी!