गाडीची फडकी, घरची फडकी

भगिनींनो, आता म्हसळ्यासारख्या गावातही बऱ्याच दारांत स्कूटर नाहीतर मोटार उभी असते. ती कोणीही चालवो, पुसायची फडकी मात्र शेवटी आपल्याच धुण्यात येऊन पडतात आणि तिथेच घोटाळा होतो. चाकाचं काळं फडकं ओट्यावर येतं आणि ओट्याचं तेलकट फडकं गाडीच्या काचेवर फिरतं. म्हणून एक नियम करा. फडकं जुनं की नवं हे बघू नका, ते कुठे वापरलं ते बघा.

तीन गट पुरेत. पहिला गाडीच्या बाहेरच्या रंगासाठी, दुसरा काचा व आतल्या भागासाठी, तिसरा चाकं आणि इंजिनासाठी. ओळखायला कोपऱ्यावर सुती दोऱ्याचे दोन टाके घाला: पहिल्याला निळे, दुसऱ्याला पांढरे, तिसऱ्याला लाल. फडकं विटलं की खालच्या गटात टाकावं. लाल टाक्याचं मात्र कधी वर चढवू नये. जुन्या साडीची किंवा गंजीची फडकी करताना जर, हुक, बटणं आणि जाड शिवण आधी कापून टाका. त्यांनीही ओरखडे पडतात.

आपल्याकडची तांबडी माती आणि दिवेआगर-श्रीवर्धनची वाळू हे गाडीच्या रंगाचे खरे शत्रू. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण रंगावर घासले जातात. आधी भरपूर पाणी ओतावं, मगच फडकं लावावं. खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय रंगाला लावू नये.

बाजारात मिळणारी मायक्रोफायबरची फडकी म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉनचे अतिशय बारीक धागे. ती सुती कपड्यांत धुऊ नका, सुताची लव त्यांना चिकटून बसते. कोमट पाण्यात थोडा पातळ साबण घालून अर्धा तास भिजवा, हाताने चोळा आणि साबण पुरता जाईपर्यंत खळबळा. दगडावर आपटणं नको, उकळतं पाणी नको, ब्लीच नको, इस्त्रीही नको. कपडे मऊ करणारं औषध तर मुळीच नको. त्याचा थर धाग्यांवर बसला की फडकं पाणी टिपेनासं होतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. रायगडात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पडवीतल्या दोरीवर फडकी दोन-दोन दिवस ओलीच राहतात आणि कुबट वास धरतात. घट्ट पिळून, एकावर एक न टाकता, सुटी पसरून पंख्याखाली वाळवावीत. वास आलाच तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. अगदी कोरडी झाल्यावरच झाकणाच्या डब्यात घड्या घालून ठेवा. ओलं फडकं डिकीत कोंबलं की सगळी मेहनत वाया.

आता सर्वांत महत्त्वाचं. पेट्रोल लागलेलं फडकं धुण्याच्या मशीनमध्ये घालू नका. गॅसजवळ, देवघराजवळ किंवा बंद खोलीतही ठेवू नका; त्याची वाफ ठिणगीने पेटते. लाकडी फर्निचरला लावायच्या जवसाच्या तेलाची फडकी तर गोळा करून ठेवली असता आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अशी फडकी बाहेर, उघड्यावर, एकेक पसरून वाळवावीत. मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत.

आणि हो, ज्याने गाडी पुसली त्यानेच फडकी एकदा नळाखाली खळबळून बाहेर दोरीवर टाकावीत, एवढं घरात गोडीने सांगून ठेवा. माती तिथेच गेली की आपलं अर्धं धुणं हलकं होतं.