आधी कोर्स की आधी नोकरी?

पुतणीचं जीएनएम झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि घरात नवाच वाद सुरू झाला. लगेच नोकरी शोधायची, की आधी आयसीयूचा एखादा कोर्स करायचा? भाऊ म्हणतो, "नुसत्या जीएनएमला कोण विचारतंय? एफडी मोडतो, पण पोरीचं स्पेशलायझेशन होऊ दे." सोलापुरात ज्यांच्या घरची मुलगी नर्सिंगला आहे त्यांना हा संवाद पाठ असेल. मी वॉर्डात तीसेक वर्षं काढली, त्यामुळे मत द्यायचा अधिकार आपला आपणच घेतलाय!

तर मंडळी, माझं मत असं: आधी नोकरी, कोर्स मागाहून.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. क्रिटिकल केअर, ऑपरेशन थिएटर, नवजात बाळं, कॅन्सर वगैरे. एकेक वर्षाचे, आणि चांगले. पण त्यांच्या प्रवेशाची अटच आहे की रजिस्टर्ड नर्स हवी आणि स्टाफ नर्स म्हणून निदान एक वर्ष काम केलेलं हवं. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच क्रम ठरवून दिलाय. मग "फ्रेशर चालेल, सहा महिन्यांत आयसीयू स्पेशालिस्ट" असं कुणी म्हणत असेल तर तो हा डिप्लोमा नव्हे, एवढं ओळखावं. पैसे भरण्याआधी कौन्सिलची मान्यता लेखी मागावी. तोंडी सगळेच मान्यताप्राप्त असतात.

सरकारी नोकरीचंही तेच. एम्सची नॉरसेट परीक्षा जीएनएमवाल्यांकडून निदान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागते, डिप्लोमा मागत नाही. एफडी मोडून घेतलेल्या सर्टिफिकेटने ही दोन वर्षं भरून निघत नाहीत. म्हणून पहिली नोकरी शोधताना खाटा मोजाव्यात. दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये घराजवळ सोय होते खरी, पण ती वर्षं तिथे धरली जात नाहीत.

खाटांचा संबंध पगाराशीही आहे, बरं का. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 2016 मध्ये केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि 50 पेक्षा कमी असतील तरी महिना 20,000 च्या खाली नको. प्रत्यक्षात काय मिळतं ते विचारू नका. असो.

स्पेशालिटीला किंमत नाही असं मी म्हणत नाहीये. डायालिसिस, ओटी, एनआयसीयू इथे हात बसलेली सिस्टर सोडून गेली तर डॉक्टरांची झोप उडते. पण तो हात ड्युटीवरच बसतो. फ्रेशर मुलींना बऱ्याच ठिकाणी तसंही थेट आयसीयूत टाकतात, कारण जुन्या निघून गेलेल्या असतात. मला काळजी तिथली वाटते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स हवी, आणि नाईटला ही नवी पोर तिघाचौघांकडे एकटीच बघणार असेल तर? मुलाखतीत पगाराच्या आधी विचारावं, "रात्री सिनियर कोण असतं?" या प्रश्नाचं सरळ उत्तर जिथे मिळेल तिथे दोन हजार कमी मिळाले तरी जावं, असं मी पुतणीला सांगितलंय. खर्चच करायचा तर बीएलएस आणि एसीएलएस करावं. एक-दोन दिवसांचं काम, दर दोन वर्षांनी पुन्हा करायचं, आणि पेशंटचं हृदय बंद पडलं तर खरोखर उपयोगी पडणारं. मग दोन वर्षांनी ज्या वॉर्डात जीव रमला त्याचाच डिप्लोमा घ्यावा, हवं तर पुण्या-मुंबईला जाऊन.

आणखी एक, सोलापुरापुरतं. आपल्याकडे पेशंट धाराशिवहून येतो तसा विजापूर-कलबुर्गीहूनही येतो. पूर्व भागातल्या आजी तेलुगूतच कण्हतात. दुखतंय कुठे, हे डॉक्टर येण्याआधी कन्नडमध्ये विचारून ठेवणारी मुलगी मेट्रनच्या पहिल्या दिवशीच लक्षात राहते. आमच्या पुतणीला कन्नड येतं, आजोळ इंडीचं आहे ना! अर्जात लिहिलंच नव्हतं तिने. काल लिहायला लावलं.