एडिटर कोणासाठी सजवायचा?

"युनिकोड आलं, मराठीचा प्रश्न संपला" असं म्हणणाऱ्या इंजिनिअरांनी एकदा मराठीत व्हिज्युअल नॉव्हेल लिहून बघावी. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्रं, संवाद आणि वाचकाने निवडायच्या वाटा, असा गेम. त्यासाठीचं रेनपाय २००४ पासून फुकट मिळतंय. त्यात पात्राचं व्हेरिएबलसुद्धा देवनागरीत ठेवता येतं. पण लेबल, मेनू, जंप हे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. म्हणजे दर दोन ओळींनी कीबोर्ड बदला!

आपल्या संभाजीनगरातला लिहिता पोरगा "काय करायलास रे?" हा संवाद झकास लिहील. पण या कटकटीने तो रोमन अक्षरांत मराठी लिहू लागतो, नाहीतर सरळ इंग्रजीवर जातो. त्याला "आधी कोडिंग शीक" हा उपदेश काय कामाचा? त्याचा एडिटर नीट करून द्या की!

व्हीएस कोडमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. फॉन्टच्या यादीत मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी टाका. ओळीची उंची वाढवा, म्हणजे वेलांट्या-उकार एकमेकांत घुसणार नाहीत. लांब संवादांसाठी वर्ड रॅप चालू करा. टॅबऐवजी चार स्पेस ठेवा, कारण रेनपायला टॅब चालतच नाही. आणि मेनू, जंप वगैरेंचे स्निपेट रिकाम्या फंक्शन कींना बांधा. कीबोर्ड मराठीतच राहतो.

हे चोचले नव्हेत. या गेममध्ये कोड मूठभर आणि संवाद पोतंभर. एडिटर मात्र मूठभरासाठी सजवायचा आणि वर "मराठीत गेम का नाहीत?" म्हणून गळे काढायचे, हे आता पुरे!