क्रीडाविचार : सरळ जाणारी चकती

ज्यांची मुलें अमेरिकेंत आहेत, त्यांच्या कानांवर ‘डिस्क गोल्फ’ हें नांव एव्हांना गेलें असेल. चेंडूऐवजीं हातानें फेंकावयाची चकती आणि भोंकाऐवजीं साखळ्या लटकविलेली लोखंडी टोपली. थोडक्या फेंकींत जो टोपली गांठील, तो जिंकला. या खेळाचें पहिलें कायमचें मैदान १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह पार्कमध्यें एड हेड्रिक यांनीं आंखलें.

नवशिक्याची फसगत मात्र मैदानावर होत नाहीं, ती दुकानांत होते. चकतीवर चार आंकडे छापलेले असतात : वेग, तरंगणें, आरंभींचा उजवा कल व अखेरचा डावा कल. ‘डिस्ट्रॉयर’ या चकतीचे आंकडे १२, ५, -१, ३. बारा हा आंकडा पाहून तरुण भुलतो. परंतु तेवढा वेग त्याच्या दंडांत नसतो. चकती थोडी जाते न जाते तोंच डावीकडे कोसळते. आपल्या मनगटांतच कांहीं खोट आहे असें वाटून बिचारा दोन रविवारांत खेळ सोडतो. यांत त्याचा दोष नाहीं.

कारण असें. उजव्या हातानें, हात छातीपाशीं नेऊन फेंकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते. वेग मंदावला कीं हवेचा दाब पुढील कडेस उचलूं पाहतो. फिरता भोंवरा जसा ढकलल्या दिशेस न कलतां आडवा कलतो, तशीच चकतीही मागें न झुकतां डावीकडे झुकते. भर वेगांत याच्या उलट घडतें व ती उजवीकडे वळते. हे दोन्ही कल जिच्यांत अगदीं अल्प, ती स्थिर चकती. (कित्येक खेळाडू हटकून डावीकडे जाणारीसच ‘स्थिर’ म्हणतात, विकत घेतांना शब्दांवर न जातां आंकडेच पाहावेत.)

मध्यम पल्ल्याच्या चकत्यांत ‘बझ’ ही या जातीची प्रसिद्ध चकती. तिचे आंकडे ५, ४, -१, १. हिला स्वतःचा असा हट्ट जवळजवळ नाहीं. सोडतांना हात उजवीकडे कलला तर ही उजवीकडे जाते, डावीकडे कलला तर डावीकडे. चूक कोणाची, हें तेथल्या तेथें कळतें, आणि शिकणाऱ्यास हवें असतें तें एवढेंच. आमच्या मतें पहिले कांहीं महिने हीच एक हातीं असावी; मुलानें दहा मागितल्या तरी वडिलांनीं खुशाल नाहीं म्हणावें.

वजनाविषयीं थोडें. व्यासाच्या दर सेंटिमीटरास ८.३ ग्रॅमहून अधिक वजन नियमांत बसत नाहीं, म्हणून २१.७ सेंटिमीटरांची ‘बझ’ १८० ग्रॅमांच्या आसपास थांबते. झाडांवर आपटून आपटून कोणतीही चकती हळूहळू उजवीकडे अधिक वळूं लागते. अशी जुनी झालेली चकती जाणते खेळाडू टाकून देत नाहींत. उजव्या वळणावरील टोपलीसाठीं ती थैलींत ठेवतात आणि सरळ वाटेसाठीं तीच नवी घेतात.